अंगणवाडीताईंचा संप आणि आपल्या लेकरांचे ताट

४ डिसेंबर २०२३ ला राज्यभरातल्या अंगणवाड्यांना कुलूप लागले, ते जानेवारी संपत आला तरी निघेना. बावन्न दिवस संप चालला. त्या दिवसांत धाराशिवच्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन तऱ्हेचे बोलणे आम्ही ऐकले. एक मोठ्या आवाजात : “पगार घेतात आणि वर संप करतात, आमच्या लेकरांचा खाऊ बंद.” दुसरे हळू आवाजात, कारण बोलणाऱ्या बाईची सूनच मदतनीस होती : “पगार कुठला बाई, मानधन आहे ते.”

पगार आणि मानधन. या दोन शब्दांच्या मधे जवळपास पन्नास वर्षांचे भांडण आहे. ते समजून घेतल्याशिवाय आपल्या लेकराचे वजन महिन्याच्या महिन्याला का होते, कधी का होत नाही, टीएचआरचे पाकीट वेळेवर का येते किंवा का येत नाही, हे कळत नाही. म्हणून आरोग्याच्या पानावर यावेळी औषधपाण्याऐवजी लेकरे सांभाळणाऱ्या बायांच्या संघटनेची गोष्ट घेतली आहे. शेवटी दंडघेराची आणि घरातल्या खाण्याची माहिती दिली आहेच. घाई असेल त्यांनी आधी ती वाचली तरी चालेल.

अंगणवाडी हा शब्द कोणा साहेबाने फायलीवर काढलेला नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. लहान मुलांना शिकवणाऱ्यांची, त्यांना तयार करणारी, त्यांच्यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवणारी ही संस्था. आपल्या भाषेत बालसेवकांची पहिली संघटना म्हणायची तर हिलाच म्हणावे लागेल. पुढे १९४५ मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथे बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची लेकरे काही बालवाडीपर्यंत येईनात. कोणाला लहान भावंड सांभाळायचे, कोणाला शेळ्या, आणि गावातल्या शाळेत आपल्याला बसू देतील की नाही ही धास्ती तर होतीच. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या मागे अनुताईंनी ते १९९२ मध्ये आपल्या मरणापर्यंत चालवले.

म्हणजे अंगणवाडीची कल्पनाच वस्तीच्या लेकरांमुळे सुचली. आज एखाद्या गावात अंगणवाडी मुद्दाम वरच्या आळीत, आपल्या वस्तीपासून लांब भरत असेल, तर ती नावाला जागत नाही, असे आम्ही म्हणतो.

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अंगणवाडीच्या आधी सुकडी आठवते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटली जायची. धाराशिव, बीड, सोलापूरकडच्या बायांनी ती पदरात बांधून आणली आणि घरी लेकरांना चारली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, देशाचे पहिले राष्ट्रीय बालधोरण आले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सहा कामे ठरली : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी लेकराला दवाखान्यात पाठवणे, शाळेआधीचे शिक्षण आणि आईला आहार-आरोग्याची माहिती. ताराबाईंचा शब्द योजनेने घेतला. ही सगळी कामे कोण करणार? गावातलीच एक बाई, आणि हाताखाली दुसरी.

त्या बाईला काय म्हणायचे यातच सगळी मेख होती. तिला नोकर म्हटले नाही, कामगार म्हटले नाही. ‘मानसेवी’ म्हटले. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिन्याला १५० रुपये, मॅट्रिक नसलेलीला १००, आणि मदतनिसाला ३५. पस्तीस रुपये म्हणजे दिवसाला सव्वा रुपयाही नाही. पाणी भरायचे, चूल पेटवायची, लेकरांना घरोघर जाऊन गोळा करायचे, त्यांचे हगणे-मुतणे काढायचे, भांडी घासायची. आपल्या वस्तीतल्या कित्येक बाया याच जागेवर लागल्या. आणि त्यांनी शिजवलेले लेकराला खाऊ न घालणारे आईबापही आपण पाहिलेले आहेत, ते इथे उगाळत बसत नाही.

केंद्राचे मानधन पुढे कसे सरकले ते पाहा. मॅट्रिक सेविकेला १९७८ ला १७५. १९८६ ला २७५. १९९२ ला ४००. १९९७ ला ५००. २००२ ला १,०००, २००८ ला १,५००, २०११ ला ३,०००. ऑक्टोबर २०१८ ला ४,५००, आणि मग कित्येक वर्षे तो आकडा हललाच नाही. मदतनिसाला सुरुवातीला त्याच्या निम्म्याहूनही बरेच कमी, पुढे निम्मे किंवा निम्म्याच्या आसपास. राज्य सरकार आपल्या पदरचे काही घालते, ते वेगळे. यातली एकही वाढ आपसूक झालेली नाही. प्रत्येक आकड्याच्या मागे मोर्चे आहेत.

मोर्चा काढायला आधी एकत्र यावे लागते. गिरणीला दरवाजा असतो, पाळी सुटली की हजार माणसे एकदम बाहेर पडतात आणि तिथे सभा घेता येते. अंगणवाडीताई गावात एकटी. बरोबर फार तर मदतनीस. शेजारच्या गावची ताई पाच कोसांवर. उमरगा तालुक्यातल्या एका निवृत्त ताईंना आम्ही विचारले की तुम्ही संघटनेत आलात कशा. त्या हसल्या. “आम्हाला काय ठाव संघटना म्हंजी काय. महिन्याच्या बैठकीला रजिस्टरं घेऊन तालुक्याला जायचो. साहेब येईस्तोवर झाडाखाली बसायचो. तिथं एकीनं विचारलं, तुझं मानधन आलं का? दुसरी म्हणली, चार महिने झाले, नाही आलं. मग कळलं, कुणाचंच आलं न्हाई.” १९९३ च्या भूकंपानंतर या ताईंनी पत्र्याच्या शेडात अंगणवाडी भरवली होती. मे महिन्यात त्या पत्र्याखाली लेकरे भाजून निघायची, म्हणून सकाळी सातलाच बोलवायच्या, असे त्या सांगत होत्या.

जे काम सरकारने रजिस्टर तपासायला ठरवले, त्याच मासिक बैठकीने बायांना एकमेकींची ओळख करून दिली. राज्याराज्यांत अशा संघटना उभ्या राहिल्या आणि १९८९ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनीसांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. महाराष्ट्रात मात्र एकच एक संघटना कधी नव्हती. सिटूची वेगळी, आयटकची वेगळी, बालवाडी आणि अंगणवाडी कर्मचाऱ्यांची युनियन वेगळी, कर्मचारी संघ वेगळा. एम. ए. पाटील, शुभा शमीम, बृजपाल सिंह, कमल परुळेकर, दिलीप उटाणे ही नावे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांच्या ओळखीची आहेत. या सगळ्यांनी झेंडे वेगळे ठेवून एक कृती समिती केली, आणि गेल्या काही वर्षांतले मोठे संप या समितीच्या नावाने झाले. आपल्या चळवळीतल्या गटातटांकडे पाहताना आम्हाला या कृती समितीची आठवण येते, एवढे बोलून पुढे जातो.

बाबासाहेबांचे नाव इथे सहज येते. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले होते. १९४३ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना, मालकाने कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे असे दुरुस्ती विधेयक त्यांनी मांडले. पण कामगार कायद्याचे संरक्षण मिळायला आधी तुम्ही कामगार आहात हे कोणीतरी मान्य करावे लागते. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठेवणारी सेविका स्वतः गरोदर राहिली तर तिची रजा भरपगारी की बिनपगारी, हा प्रश्नही तिला भांडूनच सोडवावा लागला. आज तिला १८० दिवसांची मानधनासह प्रसूती रजा आणि वर्षाला २० दिवस रजा आहे.

२००६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टातून दोन निकाल आले आणि ते दोन्ही आपल्याशी संबंधित आहेत. ७ डिसेंबरला, कर्नाटकातल्या अमीरबी यांच्या प्रकरणात, कोर्ट म्हणाले की अंगणवाडी सेविका सरकारी पद धारण करत नाहीत. भरतीचे वैधानिक नियम नाहीत, ती एका योजनेतली मानधनावरची बाई आहे. संघटनांना हा मोठा धक्का होता. आणि सहाच दिवसांनी, १३ डिसेंबरला, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात त्याच कोर्टाने सांगितले की देशात किमान १४ लाख अंगणवाड्या चालू करा, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शोधून तिथे प्राधान्याने द्या, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० लेकरे आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. म्हणजे अंगणवाडी लेकरांचा हक्क झाली, पण ती चालवणारी बाई कर्मचारी झाली नाही. हे कोडे पुढची सोळा वर्षे सुटले नाही. मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्या बायांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या. परिषदेत सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असतात. शिफारस कागदावर राहिली.

त्याच २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला. त्याने अंगणवाडीतला आहार कायद्याने बांधून दिला : सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, अतिकुपोषित लेकराला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. हे आकडे घरात लिहून ठेवण्यासारखे आहेत.

अखेर २५ एप्रिल २०२२ ला न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात निकाल दिला. अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीवर कायदेशीर जबाबदारी टाकली आहे, काम पूर्णवेळचे आहे, मानधन म्हणतात ते वेतनच आहे, तेव्हा सेविका आणि मदतनीस दोघींनाही १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असे कोर्टाने सांगितले. लेकरांच्या हक्कानेच शेवटी ताईंच्या हक्काला वाट करून दिली.

आता महाराष्ट्रातले संप. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, म्हणजे सेविका-मदतनीस मिळून दोन लाखांच्या घरात बाया. ११ सप्टेंबर २०१७ ला त्यांनी काम थांबवले, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. सेविकेचे मानधन ५,००० वरून ६,५०० झाले, मदतनिसाचे २,५०० वरून ३,५००. पुढच्या मार्चमध्ये सरकारने अंगणवाडीला मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवा, संप केला तर गुन्हा. विधिमंडळात गोंधळ झाला आणि तो स्थगित करावा लागला. आम्हाला त्यातली गंमत अशी वाटते की मानधन द्यायचे तेव्हा ही बाई मानसेवी, आणि संप करायची वेळ आली की अत्यावश्यक.

मग कोरोना आला. घरोघर तापमान मोजायला, ऑक्सिजन बघायला याच बाया गेल्या. मग मोबाइल आला. मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या ॲपवर सगळी नोंद भरायची. ॲप इंग्रजीत, दिलेले फोन जुने, तापणारे, अडकणारे. दहावी-बारावी झालेली, मराठीत सुंदर अक्षरात रजिस्टर लिहिणारी बाई त्या इंग्रजी चौकोनांपुढे रडकुंडीला आली. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी फोन सरकारला परत केले. शहरातल्या काही लोकांना ते आडमुठेपण वाटले. पण विचार करा, एखाद्या लेकराचे वजन चुकीच्या चौकोनात पडले तर ते कुपोषित असून यादीत येणार नाही, आणि यादीत नाही तर जास्तीचा आहारही नाही. नोंदीची भाषा हा लेकराच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

२० फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा संप झाला. मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकेचे ८,३२५ चे १०,००० आणि मदतनिसाचे ४,४२५ चे ५,५०० झाले. त्याच वर्षी डिसेंबरात तो बावन्न दिवसांचा संप, ज्यापासून आपण सुरुवात केली. मागणी होती महिना २६,००० रुपये वेतन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन. हाती आली आश्वासने. कामावरून काढल्याच्या नोटिसाही अनेकींच्या दारावर आल्या. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सेविकेला १३,००० आणि मदतनिसाला ७,५०० असा निर्णय झाला.

बावन्न दिवसांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकतर्फी होईल. रविवार-सुट्ट्या सोडल्या तरी चाळीसेक दिवस आहार बंद. रोजचे ५०० उष्मांक धरले तर वीस हजार. चार वर्षांच्या लेकराला दिवसाला साडेतेराशेच्या आसपास लागतात. म्हणजे जवळजवळ पंधरवड्याचे पूर्ण जेवण त्या लेकराच्या पोटात गेले नाही, आणि ते गरीबातल्या गरीब घरातल्या लेकराच्या. ज्याच्या घरी दूध-अंडी आहेत त्याला फरक पडला नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३६ लेकरांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. आधीच्या पाहणीतही आकडा ३६ च होता. धाराशिव जिल्हा तर केंद्राच्या आकांक्षित म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा ठिकाणी दोन महिने आहार थांबणे ही साधी गोष्ट नाही. ताईंनाही ते ठाऊक होते. संपात असूनही आपल्या गल्लीतल्या अशक्त लेकराकडे रोज डोकावणाऱ्या ताई आम्ही पाहिल्या. भांडण ताईशी नाही, हे वस्तीने ध्यानात घ्यावे, आणि संप लांबला तर “आमच्या लेकरांसाठी लवकर बोलणी करा” असे निवेदन विहारातून सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. लेकरांच्या आईबापांनी दिलेल्या निवेदनाचे वजन वेगळे पडते.

संप असो, सुट्टी असो किंवा ताईची जागाच रिकामी असो, त्या काळात घरी दोन गोष्टी कराच.

पहिली, दंडघेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा डावा हात सैल खाली सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे शिंप्याची टेप गुंडाळायची. आवळायची नाही, ढिली सोडायची नाही. साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर ठीक. साडेअकरा ते साडेबाराच्या मधे असेल तर लेकरू कुपोषणात आहे, आहार वाढवा आणि आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना दाखवा. साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लेकरू दिसायला गुबगुबीत पण दोन्ही पाय सुजलेले, पावलावर अंगठा तीन सेकंद दाबला तर खळगा राहतो, तेही अतिशय धोक्याचे आहे. ती सूज आहे, बाळसे नाही. कुपोषित लेकराला ताप, जुलाब, उलट्या असतील, ते खातपीत नसेल, मलूल पडून असेल, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसनासाठी दाखल करून घेण्याची सोय विचारा. तिथे चौदा-पंधरा दिवस राहावे लागते. मजुरी बुडते म्हणून आया तिसऱ्या दिवशी लेकरू उचलून घरी आणतात आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात.

दुसरी, खाणे. लहान लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे, एका बैठकीला फार मावत नाही. म्हणून दिवसातून पाच वेळा थोडे थोडे. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून त्यावर चमचाभर तेल. शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गूळ. अख्खे शेंगदाणे तीन-चार वर्षांखालच्या लेकराच्या हातात देऊ नका, घशात अडकतात. जमेल तेव्हा अंडे. भिजवून मऊ शिजवलेली हरभऱ्याची डाळ. पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाने भूक मरते, वजन वाढत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको.

कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक सांगणे. दिवाळीनंतर गाडी निघायच्या आधी ताईकडे जा आणि आपण कुठल्या कारखान्याच्या भागात जाणार ते नोंदवा. ट्रॅकरमध्ये आता स्थलांतराची नोंद करता येते. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर न्या. तळावरच्या जवळच्या अंगणवाडीने तुमच्या लेकराला आहार, लस आणि वजन या तिन्ही गोष्टी द्यायच्या आहेत. “तुम्ही इथले नाही” हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

आपल्या वस्तीत अंगणवाडीच नसेल तर सहा वर्षांखालच्या लेकरांची नावे, जन्मतारखा आणि आईबापांच्या सह्या असलेली यादी करा. चाळीस भरली की बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे लेखी मागणी द्या. एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला, एक जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला. आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. अर्जात सुप्रीम कोर्टाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाचा उल्लेख करा.

आणि आपल्याच घरातल्या, वस्तीतल्या निवृत्त किंवा निवृत्तीला आलेल्या ताई-मदतनीसांसाठी : नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख दाखवणारा कुठलाही कागद, जुनी मानधनाची पासबुके आणि शेवटच्या महिन्याचे मानधन किती हे दाखवणारी नोंद सांभाळून ठेवा. ग्रॅच्युइटीचा हिशोब असा असतो : शेवटचे मासिक वेतन गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे. तीस वर्षे सेवा आणि शेवटचे मानधन दहा हजार असेल तर ही रक्कम १ लाख ७३ हजारांच्या वर जाते. आमच्या ओळखीच्या एका मदतनीसबाईंनी बदली झालेल्या पर्यवेक्षिकेकडे आपली मूळ ऑर्डर ‘जमा’ केली होती, ती त्यांना परत मिळाली नाही. मूळ कागद कोणाला देऊ नका. झेरॉक्स द्या, आणि दिली त्या दिवसाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा.